‘नमस्कार’ आणि ‘नमस्कार ताई’: एका शब्दाच्या प्रयोगातून संशोधनपद्धती शिकताना

मानसशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षी संशोधन प्रकल्प करावा लागतो आणि बहुतेक ठिकाणी तो एका ठरावीक वाटेने जातो. दोन तयार चाचण्या निवडायच्या, त्यांचा गूगल फॉर्म करायचा, तो ओळखीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर टाकायचा, शंभर उत्तरे जमली की सहसंबंध काढायचा आणि प्रबंध बांधून घ्यायचा. गुण मिळतात, पदवीही मिळते, पण ‘तुझा हा निष्कर्ष चुकीचा असेल तर तो कशामुळे असेल?’ असे तोंडी परीक्षेत विचारले की विद्यार्थी गोंधळतात. माझ्या मते संशोधनपद्धती म्हणजे या एकाच प्रश्नाला दिलेल्या उत्तरांचा संग्रह आहे, आणि हा प्रश्न खरोखर बोचायचा असेल तर निष्कर्ष स्वतःचा असावा लागतो. म्हणून स्वतःच्या मनात आलेला एक छोटा प्रश्न घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत एक प्रयोग स्वतः आखावा, असा माझा आग्रह असतो. तो कसा आखायचा, हे एकच उदाहरण हाती धरून सांगते.

आपण अनोळखी माणसाला नात्याने हाक मारतो. भाजीवालीला मावशी म्हणतो, रिक्षावाल्याला दादा किंवा काका म्हणतो, बसमध्ये जागा मागताना ‘ताई, जरा सरकता का?’ असे म्हणतो, आणि विदर्भात गेलो की ‘भाऊ’ हा शब्द आपोआप तोंडात येतो. नात्याने हाक मारली की माणूस लवकर मदत करतो का? हा प्रश्न वर्गात विचारला की सगळे जण एका सुरात ‘करतोच’ म्हणतात, आणि अडचण इथूनच सुरू होते. ज्या गोष्टीविषयी आपली इतकी खात्री असते, तिच्या बाजूचे प्रसंग आपल्याला सहज आठवतात आणि विरुद्ध प्रसंग लक्षातच राहत नाहीत. म्हणून पहिले काम असे, की आपले म्हणणे खरे असेल तर काय दिसायला हवे आणि खोटे असेल तर काय दिसेल, ही दोन्ही वाक्ये कागदावर लिहून ठेवायची. दुसरे वाक्य लिहिता आले नाही, तर तो प्रश्न अजून संशोधनाचा झालेला नाही असे समजावे.

असे घरचे प्रश्न लहान वाटतात म्हणून विद्यार्थी ते बाजूला ठेवतात, याचे मला फार वाईट वाटते. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. त्यानंतर लोकांमध्ये पसरलेल्या अफवा मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी गोळा केल्या आणि त्यांवर १९३५ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. जिथे धक्के जाणवले पण मोठी हानी झाली नव्हती, तिथेही याहून मोठे संकट येणार असल्याच्या अफवा होत्या. भीती घालवण्याऐवजी वाढवणाऱ्या गोष्टींवर माणसे विश्वास का ठेवतात, या कोड्याने पुढे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांना विचारात पाडले आणि १९५७ मध्ये त्यांनी मांडलेल्या बोधात्मक विसंवादाच्या, म्हणजे मनातल्या न जुळणाऱ्या गोष्टींची अस्वस्थता माणूस कमी करू पाहतो या सिद्धान्ताला त्यातून चालना मिळाली. आपल्या अवतीभवतीचे नीट टिपून ठेवलेले निरीक्षण किती दूर जाऊ शकते, हे यातून दिसते.

आता कोणालाही सुचेल असा सोपा मार्ग म्हणजे लोकांनाच विचारणे: ‘तुम्हाला कोणी ताई म्हटले तर तुम्ही मदत कराल का?’ हा मार्ग का पुरत नाही, हे समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर यांच्या १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्पष्ट दिसते. अमेरिकेत त्या काळी चिनी लोकांविषयी उघड पूर्वग्रह होता. लापिएर एका चिनी जोडप्याबरोबर देशभर हिंडले आणि अडीचशेच्या आसपास हॉटेलांत व उपाहारगृहांत गेले. त्यांना प्रवेश नाकारला गेला तो फक्त एकदा. नंतर त्याच ठिकाणांना पत्र पाठवून ‘तुम्ही चिनी ग्राहकांना सेवा द्याल का?’ असे विचारले, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांनी ‘नाही’ कळवले. या अभ्यासातही उणिवा आहेत. पत्राला उत्तर देणारी व्यक्ती आणि प्रत्यक्ष दारात उभी असलेली व्यक्ती एकच असेल असे नाही. पण बोलणे आणि वागणे यांत अंतर असते एवढे त्यातून पक्के समजते, आणि आपला प्रश्न वागण्याचा असल्यामुळे आपल्याला वागणेच मोजले पाहिजे.

‘मदत’ हा शब्द मात्र फार मोठा आहे, तो मोजता येत नाही. त्यातली एक छोटी, डोळ्यांना दिसणारी कृती निवडावी लागते. १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका तरुणीचा खून झाला आणि ३८ जण पाहत असूनही कोणी मदतीला आले नाही, अशी बातमी वर्तमानपत्रात आली. ती बातमी बरीच अतिरंजित होती हे पुढे उघड झाले, पण तिने जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांसमोर एक प्रश्न ठेवला: आजूबाजूला माणसे जास्त असली की प्रत्येकाची जबाबदारीची जाणीव कमी होते का? त्यांनी खून, शहर, भीती हे सगळे बाजूला ठेवले आणि प्रश्न एका खोलीत आणला. प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र खोलीत बसवून ध्वनियंत्रणेवरून इतरांशी बोलायला सांगितले. बोलता बोलता त्यातल्या एकाला फिटचा (अपस्माराचा) झटका आल्याचे ऐकू आले. हा आवाज आणि इतर सर्व आवाज आधीच ध्वनिमुद्रित केलेले होते. ऐकणारे आपण एकटेच आहोत असे ज्यांना वाटत होते, त्या १३ जणांपैकी ८५ टक्के झटका चालू असतानाच मदतीसाठी उठले. आणखी एक जण ऐकतो आहे असे वाटणाऱ्या २६ जणांपैकी ६२ टक्के. आणि आणखी चार जण ऐकत आहेत असे वाटणाऱ्या १३ जणांपैकी ३१ टक्के. १९६८ चा हा प्रयोग मी प्रत्येक वर्गात सांगते, कारण त्यात बदलले ते एकच: आपल्याबरोबर किती जण आहेत याविषयीचा समज.

आपल्या प्रयोगासाठी जागा म्हणून एसटी स्थानक घेऊ. तिथे माणसे थांबलेली असतात आणि त्यांच्याकडे थोडा वेळ असतो. विनंती कोणती करायची? ‘दोन मिनिटे माझी पिशवी बघता का?’ ही पहिली कल्पना बहुतेकांना सुचते, पण ती सोडून द्यावी. बेवारस वस्तूंपासून सावध राहा असे सांगितले जाते अशा ठिकाणी लोकांना तेच काम सांगणे योग्य नाही, आणि नकाराचे कारण भीती की अनिच्छा हेही कळणार नाही. ‘एक फोन लावू देता का?’ या विनंतीलाही हाच दोष लागतो. एलन लँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९७८ चा प्रसिद्ध प्रयोग झेरॉक्स यंत्रासमोरच्या माणसाला ‘मला आधी प्रती काढू द्याल का?’ असे विचारण्याचा होता. पाच पानांसाठी नुसते विचारल्यावर ६० टक्के लोकांनी होकार दिला, तर ‘कारण मला प्रती काढायच्या आहेत’ असे नावापुरते कारण जोडल्यावर ९३ टक्के लोकांनी. हा प्रयोग आपल्याकडे जसाच्या तसा उतरवावा असा मोह होतो, पण महाविद्यालयाशेजारचे झेरॉक्सचे दुकान डोळ्यांसमोर आणा: रांग नसते, सगळे काउंटरवर ओणवून कागद पुढे करत असतात आणि विनंती शेजारच्याला नव्हे, दुकानदाराला करायची असते. परक्या ठिकाणचा आराखडा उचलण्याआधी तो प्रसंग आपल्याकडे तसाच घडतो का, हे जाऊन पाहिलेच पाहिजे.

म्हणून आपण साधी विनंती निवडू: पाच प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली भरून देण्याची. प्रवासाच्या सोयींविषयीचे हे प्रश्न खरोखर उपयोगाचे असावेत, म्हणजे लोकांचा वेळ वाया जाणार नाही. एका गटाला म्हणायचे, ‘नमस्कार, एक छोटी प्रश्नावली भरून देता का?’ आणि दुसऱ्या गटाला म्हणायचे, ‘नमस्कार ताई, एक छोटी प्रश्नावली भरून देता का?’ किंवा पुरुष असल्यास ‘नमस्कार दादा’. दोन वाक्यांत फरक एका शब्दाचा. पाठ्यपुस्तकात ज्याला स्वाश्रयी परिवर्त्य म्हणतात तो हा शब्द, आणि त्यामुळे बदलेल असे आपण म्हणतो ते आश्रयी परिवर्त्य म्हणजे प्रश्नावली भरणे किंवा न भरणे. पहिल्या वाक्यात ‘अहो’ घातले असते तर तुलना बिघडली असती, कारण ‘अहो’ मध्ये स्वतःचा असा आदर आहे आणि मग आपण नात्याच्या शब्दाची तुलना दुसऱ्याच एका शब्दाशी केली असती.

काका, काकू, मावशी हे शब्द का टाळले, हेही सांगायला हवे. पस्तिशीच्या बाईला काकू म्हटले तर तिच्या कपाळावर आठी पडण्याची शक्यता असते, आणि मग नकार नात्यामुळे आला की वयाच्या उल्लेखामुळे, हे वेगळे करता येत नाही. शिवाय समोरच्याचे वय पाहून शब्द निवडायची मुभा दिली, तर प्रयोगात आणखी एक माणूस, म्हणजे विचारणारी व्यक्ती, निर्णय घेऊ लागते. साधारण २५ ते ४५ वयाची दिसणारी माणसे घ्यायची आणि ताई व दादा हे दोनच शब्द वापरायचे, असा नियम केला की हा गुंता बराच कमी होतो. निष्कर्ष तेवढ्याच वयोगटापुरता राहतो, आणि अहवालात तसे स्पष्ट लिहायचे.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग येतो. कोणाला ‘नमस्कार’ आणि कोणाला ‘नमस्कार ताई’ म्हणायचे, हे विचारणाऱ्या विद्यार्थिनीने ठरवायचे नाही. तिने ठरवले तर प्रेमळ चेहऱ्याच्या बाईला तिच्या तोंडून आपोआप ताई निघेल आणि कपाळाला आठ्या घालून बसलेल्या माणसाला नुसता नमस्कार. मग होकार जास्त मिळाले तर ते शब्दामुळे नव्हे, चेहऱ्यांच्या निवडीमुळे मिळालेले असतील. उपाय सोपा आहे, पण तो काटेकोरपणे पाळावा लागतो. संगणकाने यादृच्छिक क्रम काढून प्रत्येक चिठ्ठी बंद पाकिटात घालावी. आधी नियमाने माणूस निवडावा, उदाहरणार्थ बाकाच्या डावीकडून तिसरी व्यक्ती. आणि मगच पाकीट उघडावे. माणूस ठरल्यावर चिठ्ठी उघडायची, चिठ्ठी उघडून माणूस शोधायचा नाही. यामुळे स्वभाव, घाई, शिक्षण, घरची काळजी, आपल्याला माहीत असलेले आणि नसलेले सगळेच फरक दोन्ही गटांत केवळ योगायोगानेच वाटले जातात आणि गट मोठे असतील तर साधारण सारखे होतात. प्रयोगाचे खरे सामर्थ्य या यादृच्छिक विभागणीत आहे. इतक्या साध्या युक्तीने न दिसणाऱ्या कारणांनाही आवर घालता येतो, हे पहिल्यांदा नीट उमगते तेव्हा मनाला फार मोठा आनंद होतो.

तरीही एक फट उरते, ती आवाजाची. विचारणारीला परिकल्पना, म्हणजे काय दिसेल असे आपले म्हणणे आहे ते, माहीत असेल, तर ती ‘ताई’ म्हणताना नकळत हसेल, थोडी पुढे झुकेल. रॉबर्ट रोझेंथाल आणि केर्मिट फोड यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना उंदीर देऊन काहींना सांगितले की तुमचे उंदीर हुशार वंशाचे आहेत आणि काहींना सांगितले की तुमचे मंद आहेत. उंदीर प्रत्यक्षात सारखेच होते, पण हुशार म्हणून दिलेल्या उंदरांची कामगिरी सरस नोंदली गेली. जे उंदरांबाबत घडते, ते भाषा आणि नजर समजणाऱ्या माणसांबाबत घडणारच. म्हणून विचारणाऱ्या विद्यार्थिनींना आपण काय शोधतो आहोत ते काम संपेपर्यंत सांगू नये, दोन्ही वाक्ये त्यांच्याकडून भरपूर वेळा म्हणवून घ्यावीत, आणि होकार-नकाराची नोंद दुसऱ्या कोणीतरी, शब्द ऐकू येणार नाही इतक्या अंतरावरून करावी.

नोंद करणाऱ्यालाही होकार म्हणजे नेमके काय, ते आधी सांगावे लागते. एखादा तास स्थानकावर नुसते बसून पाहिले तर लक्षात येते की माणसे सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणत नाहीत. कोणी कागद हातात घेते, वाचते आणि परत देते. कोणी ‘चष्मा नाही’ म्हणते, कोणी शेजारी बसलेल्या मुलाकडे कागद सरकवते. कोणी दोन प्रश्न लिहिते तेवढ्यात फलाटावर गाडी लागते आणि सगळे बाक एकदम रिकामे होतात. म्हणून ठरवायचे, की त्या व्यक्तीने स्वतः निदान एका प्रश्नाचे उत्तर लिहिले तर होकार, एरवी नकार. हीच कार्यात्मक व्याख्या. बरोबरची माणसे एकमेकांचे ऐकतात, म्हणून एका कुटुंबातून एकच व्यक्ती घ्यायची आणि त्या बाकावरच्या दुसऱ्या कोणाला लगेच विचारायचे नाही. असे सगळे नियम पंधरा-वीस जणांवर केलेल्या पूर्वचाचणीत पक्के होतात. त्या पंधरा-वीस जणांच्या नोंदी मुख्य अभ्यासात मिसळायच्या नाहीत.

किती माणसे लागतील, हा प्रश्न मार्गदर्शकाला बहुतेकदा ‘किती चालतील?’ या रूपात विचारला जातो. त्याचे उत्तर आपण किती लहान फरक शोधतो आहोत यावर अवलंबून असते. समजा, साध्या नमस्काराला ५० टक्के होकार मिळतात आणि ताई म्हटल्यावर खरोखर ६५ टक्के मिळतात. हा फरक ५ टक्के सार्थकता पातळीवर (म्हणजे फरक नसताना तो आहे असे चुकून म्हणण्याची जोखीम शंभरात पाच ठेवून) पाचपैकी चार वेळा तरी पकडता यावा असे वाटत असेल, तर प्रत्येक गटात सुमारे १७० माणसे लागतात. खरा फरक ५० विरुद्ध ७० टक्के इतका असेल, तर प्रत्येक गटात ९३ जण पुरतात. आता ४०-४० जणांचे गट घेतले आणि २० विरुद्ध २६ होकार आले, म्हणजे नेमके ५० आणि ६५ टक्केच आले, तरी दोन गटांतले होकार-नकार ताडून पाहणारी काय-वर्ग कसोटी सांगेल की शब्दाचा काहीही परिणाम नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरातून सतरा-अठरा वेळा निव्वळ योगायोगाने येऊ शकतो. १७०-१७० जणांत ८५ विरुद्ध १११ होकार आले, तर तसे हजारातून चारेक वेळाच घडेल. टक्केवारी जवळजवळ तीच, विश्वास ठेवण्याजोगा पुरावा मात्र फार वेगळा. डार्ली-लाताने यांचे गट १३ आणि २६ जणांचे होते, पण त्यांच्या गटांतला फरकही प्रचंड होता. लहान फरक शोधताना त्यांच्या गटसंख्येचा दाखला देऊ नये.

माणसे जमवण्याआधी आणखी एक कागद लिहायचा: परिकल्पना, गटसंख्या, वगळण्याचे नियम आणि कोणती कसोटी वापरणार. तो तारखेसह मार्गदर्शकाकडे द्यावा किंवा ओपन सायन्स फ्रेमवर्कसारख्या संकेतस्थळावर नोंदवावा. यामागे कटू अनुभव आहे. २०११ मध्ये जोसेफ सिमन्स, लीफ नेल्सन आणि उरी सायमनसोन यांनी दाखवले की माणसे घेणे कधी थांबवायचे, कोणता घटक विश्लेषणात घ्यायचा हे आकडे पाहून ठरवत गेले, तर एक गाणे ऐकल्याने माणसाचे वय कमी होते असा अशक्य निष्कर्षही ‘सार्थ’ ठरवता येतो. २०१५ मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या गटाने मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत सार्थ निष्कर्ष होता, पुनरावृत्तीत तो ३६ टक्क्यांत आला. यातले फार थोडे लबाडीमुळे घडले असावे. ‘आणखी दहा जण घेऊन पाहू’, ‘पुरुषांचे वेगळे काढून पाहू’, अशा निरागस वाटणाऱ्या निर्णयांतून ते घडते, आणि विद्यार्थ्याला हे मोह अगदी आतून ओळखीचे असतात.

नीतीचा प्रश्न शेवटी जोडायचा परिच्छेद म्हणून न पाहता आराखड्याबरोबरच सोडवावा. स्टॅन्ली मिलग्रॅम यांच्या १९६३ च्या प्रयोगात ४० पुरुषांपैकी ६५ टक्के जणांनी प्रयोगकर्त्याच्या सांगण्यावरून, पलीकडच्या खोलीतल्या माणसाला ४५० व्होल्टपर्यंतचा विजेचा धक्का देतो आहोत असे समजून बटणे दाबली. धक्के खोटे होते, पण दाबणाऱ्यांचा घाम, थरथर आणि नंतरची टोचणी खरी होती. त्यावरच्या वादातून संशोधनाच्या नीतीचे आजचे नियम घडायला मोठी मदत झाली. भारतात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सामाजिक आणि वर्तनविषयक संशोधनाचाही विचार करतात. आपल्या प्रयोगात लोकांना हाकेतला शब्द आपण मुद्दाम बदलतो आहोत हे माहीत नसते, म्हणजे थोडी लपवाछपवी आहे. म्हणून महाविद्यालयाच्या नीतिशास्त्र समितीची मान्यता आणि स्थानकाच्या आगार व्यवस्थापकांची परवानगी आधी घ्यावी. कोणाचे नाव किंवा मोबाइल नंबर लिहून घेऊ नये. शेवटी प्रत्येकाला, नकार देणाऱ्यालाही, एक छापील चिठ्ठी द्यावी: हा कशाचा अभ्यास होता आणि तुमची नोंद नको असेल तर आत्ताच सांगा. विचारणारीला उद्देश कळू नये म्हणून ही चिठ्ठी नोंद करणाऱ्याने द्यावी. ज्यांच्याकडून आपण काही घेतले, त्यांना ते सांगणे हे आपण देणे लागतो.

निकाल आला की तो जसा आला तसा लिहायचा. फरक आढळला नाही, तर ‘नाते जोडून हाक मारण्याचा उपयोग नाही’ असे लिहायचे नाही; ‘या स्थानकावर, या वयोगटात, या विनंतीसाठी, एवढ्या मोठ्या नमुन्यात अपेक्षित फरक दिसला नाही’ असे लिहायचे. फरक आढळला, तरी हीच बंधने पाळायची. जोसेफ हेनरिख आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये लक्ष वेधले की मानसशास्त्रातील बहुसंख्य निष्कर्ष पाश्चात्त्य, शिकलेल्या, सधन समाजांतील लोकांवरून काढले गेले आणि ते साऱ्या मानवजातीला लावले गेले. तीच चूक आपण पुण्यातल्या एका स्थानकावरून सगळ्या महाराष्ट्राविषयी बोलून करू नये. नागपुरात ‘भाऊ’ घेऊन, कोल्हापुरात ‘वहिनी’ घेऊन हा प्रयोग पुन्हा व्हायला हवा.

तो पुन्हा करता येईल की नाही, हे अहवालातल्या ‘पद्धती’ या प्रकरणावर ठरते. ते लिहून झाले की अभ्यासाशी संबंध नसलेल्या एका मैत्रिणीला वाचायला द्यावे आणि फक्त त्या कागदाच्या आधारे स्थानकावर एका व्यक्तीला विचारून यायला सांगावे. ‘डावीकडून म्हणजे बाकावर बसलेल्यांच्या डावीकडून की माझ्या?’ असे ती विचारेल. तिने जिथे जिथे थांबून प्रश्न केला, तिथे तिथे प्रकरणात एक वाक्य राहून गेलेले असते.